एक्क्याण्णवावं स्तोत्र

प्रिय आई,

तुला आणि बाबांना ख्रिस्तात सलाम.

निघताना माझ्या बायबलच्या पहिल्या पानावर तू स्तोत्र ९१ लिहून दिलंस आणि म्हणालीस, रोज वाच, काही होणार नाही. रोज वाचतो. पण आई, बरंच काही होतंय, आणि ते तुझ्यापासून लपवावंसं वाटत नाही.

मागच्या महिन्यात कामाच्या तासांचा तक्ता भरत होतो. तपासणारं कुणी नव्हतं. मी न केलेले सहा तास जास्तीचे लिहिले. कर्जाचा हप्ता डोळ्यांसमोर होता आणि मन म्हणत होतं, घरच्यांसाठीच तर करतोयस. मोह असा तुमच्या मायेचं नाव घेऊन आला, ह्याचंच मला जास्त वाईट वाटतं. सही तेवढी बाकी होती. पेन हातात तसंच, आणि मला मत्तयाचा चौथा अध्याय आठवला. चाळीस दिवस उपाशी असलेल्या प्रभूला सैतानानं मंदिराच्या शिरोभागी नेलं, तेव्हा कुठलं वचन म्हणून दाखवलं? तुझ्या स्तोत्रातलंच! देवदूत तुला हातांवर झेलतील, टाक उडी. प्रभूनं उडी टाकली नाही. देवाची परीक्षा पाहू नको, हे अनुवाद नावाच्या पुस्तकातलं वचन त्याच्या तोंडावर ठेवलं.

मी ते सहा तास खोडले. हात थरथरत होता. ह्या वेळी हप्ता उशिरा गेला तो त्यामुळेच, बाबांना सांग.

तेव्हापासून ते स्तोत्र मी ताईतासारखं वाचत नाही. प्रेषित पौल इफिसकरांस पत्रात विश्वासाची ढाल घ्या म्हणतो ना, तिथला मूळ ग्रीक शब्द 'दार' ह्या शब्दावरून आलाय. दाराएवढी उंच ढाल, अख्खा माणूस मागे मावेल अशी. जळते बाण येणारच नाहीत असं तो म्हणत नाही, विझवता येतील म्हणतो. आणि हे लिहिणारा स्वतः बेड्यांत! शेवटी प्रार्थनेची विनंती करतो, तीही बेड्या तुटाव्यात म्हणून नाही. धैर्यानं बोलता यावं म्हणून. ते वाचताना मला रडू आवरलं नाही.

एकटेपणाचं ओझं मात्र अजून उतरलेलं नाही. रात्री कुलूप उघडून दिवा लावेपर्यंतचा तो एक क्षण फार जड जातो. 'भाराक्रांत जनहो, माझ्याकडे या, मी विसावा देईन' हे प्रभूचे शब्द मी लहानपणापासून म्हणत आलो, पण पुढच्याच ओळीत 'माझे जू आपणांवर घ्या' आहे, तिथं कधी थांबलोच नव्हतो. आता दिवा लावायच्या आधी अंधारातच ते दोन्ही मोठ्यानं म्हणतो. कधी विसावा मिळतो. कधी नुसती झोप लागते.

बाबांच्या तपासणीचं काय झालं ते मला खरं कळव. फोनवर तू 'सगळं ठीक' म्हणालीस, पण तुझा आवाज मला कळतो.

तुझा,
बाळू