बॅटरीचा हिशेब युनिटमध्ये लिहून द्यावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कापसाचे पैसे हाती येऊ लागले की आमच्या भागात सौर संच विकणाऱ्यांच्या गाड्या गावोगाव फिरू लागतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना' सुरू झाली आणि ३ किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपयांचे अनुदान मिळू लागले, तेव्हापासून खेड्यांतील स्लॅबच्या घरांवरही पॅनेल दिसू लागली आहेत, ही निश्चितच स्वागतार्ह बाब आहे. परंतु या संचासोबत किंवा तो बसल्यानंतर काही महिन्यांनी जी बॅटरी आणि जो इन्व्हर्टर ग्राहकाच्या गळ्यात मारला जातो, त्याविषयी त्याला पुरेशी आणि खरी माहिती मिळत नाही, याकडे आपल्या वृत्तपत्रातून लक्ष वेधू इच्छितो.

मुळात अनुदानातून बसणारा नेहमीचा संच हा महावितरणच्या लाईनला जोडलेला, म्हणजे ऑनग्रिड असतो, आणि लाईन गेली की भर दुपारी लख्ख ऊन असतानाही तो बंद पडतो. यात संचाचा काही दोष नाही. खांबावर दुरुस्तीसाठी चढलेल्या लाईनमनला एखाद्या घराच्या छतावरून मागे येणाऱ्या विजेचा धक्का बसू नये, यासाठीच ही व्यवस्था केलेली असते आणि ती तशीच असायला हवी. मात्र कोटेशन देताना ही गोष्ट स्पष्ट सांगणारा विक्रेता मला तरी अजून भेटलेला नाही. एप्रिल-मे मध्ये अवकाळी वादळाने खांब आडवे होतात, रात्ररात्र गावात वीज नसते, तेव्हा 'आपल्याकडे तर सोलर आहे' अशा भरवशावर राहिलेल्या कुटुंबाला खरी परिस्थिती कळते, आणि मग घाईघाईने बॅटरीची चौकशी सुरू होते. तोवर उशीर झालेला असतो, कारण बॅटरी जोडायची असेल तर सुरुवातीलाच हायब्रिड (पॅनेल, लाईन आणि बॅटरी तिन्ही जोडता येणारा) इन्व्हर्टर घेणे सोयीचे ठरते. एरवी बसवलेला इन्व्हर्टर बदलावा लागतो किंवा शेजारी दुसरी यंत्रणा उभारावी लागते.

बॅटरी प्रत्येकाने घ्यावी, असे माझे म्हणणे नाही. ज्या गावात लाईन सहसा जात नाही, तिथे नेट मीटरिंगमुळे दिवसाची जास्तीची वीज महावितरणकडे जमा होते आणि रात्रीच्या वापरातून वळती होते, त्यामुळे केवळ बिल वाचवण्यासाठी बॅटरीवर पैसे घालण्यात अर्थ नाही. बॅटरी लागते ती अंधाराच्या तासांसाठी, आणि म्हणूनच ती किती तास पुरणार हाच तिच्या खरेदीतला कळीचा प्रश्न आहे.

नेमके याच प्रश्नाचे उत्तर कागदावर नसते. आमच्या शेजाऱ्यांना मिळालेल्या कोटेशनमध्ये 'इन्व्हर्टर १, बॅटरी १, बॅकअप फुल नाईट' एवढीच ओळ होती. आता साधा हिशेब पाहा. १२ व्होल्टची १५० एएच (अँपिअर-अवर, म्हणजे साठवणक्षमतेचे माप) बॅटरी म्हणजे १२ गुणिले १५०, अर्थात १८०० वॉट-तास, म्हणजे १.८ युनिट वीज. लेड-ॲसिड ट्यूब्युलर बॅटरी टिकवायची असेल तर तिच्यातील साधारण निम्मीच वीज वापरणे योग्य असते, आणि इन्व्हर्टरमध्ये होणारी घट वजा केल्यावर हाती जेमतेम पाऊण युनिट उरते. आमच्याकडच्या उन्हाळी रात्री कूलरशिवाय निघत नाहीत. मध्यम आकाराचा कूलर आणि एक पंखा मिळून सुमारे २७५ वॉट ओढतात, म्हणजे ही बॅटरी पावणेतीन तासांच्या आसपास संपते. दोन बॅटऱ्या घेतल्या तरी साडेपाच तासांपुढे जाता येत नाही, आणि त्यापुढे ओढले तर बॅटरीचे आयुष्य कमी होते. याउलट ५१.२ व्होल्ट, १०० एएच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ५.१ युनिटची असते आणि तिच्यातील ८० ते ९० टक्के वीज वापरता येते, त्यामुळे सर्व घट धरूनही सुमारे ४ युनिट मिळतात आणि रात्र निघते. तिची किंमत बरीच जास्त आहे हे खरे, पण ती काही हजार वेळा चार्ज-डिस्चार्ज होऊ शकते. हा फरक समजून घेऊन ग्राहकाला आपला निर्णय करता आला पाहिजे. इन्व्हर्टरवर ठळक छापलेला ११०० व्हीए हा आकडा तर एका वेळी किती भार उचलला जाईल एवढेच सांगतो, किती वेळ उचलला जाईल हे सांगत नाही.

विदर्भाच्या उन्हाचा विचार तर कोणीच करत नाही. लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य साधारण २५ अंश तापमान गृहीत धरून सांगितलेले असते, आणि त्यावर दर १० अंशांमागे ते जवळपास निम्म्याने घटते. नागपूर, अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी येथे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. त्याच शेजाऱ्यांची बॅटरी टिनाच्या खोलीत, कपाशीच्या गंज्यांना लागून ठेवली होती. टर्मिनलवर पांढरट-हिरवी बुरशीसारखी पूड जमली होती, पाणी दाखवणारे फ्लोट लाल खुणेखाली गेले होते आणि डिस्टिल्ड वॉटर घालायचे असते हे घरात कोणाला सांगितलेलेच नव्हते. चार्ज होताना या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून ती हवेशीर जागी आणि ठिणगीपासून दूर असावी लागते. कपाशीच्या गंज्यांशेजारी ती ठेवणे किती धोक्याचे आहे, हे बसवणाऱ्याला कळू नये याचे दुःख होते. लिथियम बॅटरीलाही उष्णता मानवत नाही. ठरावीक तापमानापुढे तिच्यातील बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा, चार्जिंग थांबवते.

वॉरंटीचेही तसेच. '६० महिने' असे तोंडी सांगितले जाते, पण कार्डवर अनेकदा '३६ अधिक २४' असते. म्हणजे पहिली तीन वर्षे बॅटरी बदलून मिळते आणि पुढची दोन वर्षे नव्या बॅटरीच्या किमतीत फक्त काही टक्के सूट मिळते.

माझी मागणी मोठी नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ने वस्तूचा दर्जा, प्रमाण आणि किंमत जाणून घेण्याचा हक्क आपल्याला दिला आहे. त्याला धरून सूर्यघर योजनेतील नोंदणीकृत विक्रेत्यांनी करारासोबत एक मराठी पान द्यावे आणि लाईन गेल्यावर हा संच चालेल की नाही, बॅटरीतून प्रत्यक्षात किती युनिट वापरता येतील, आपल्या घरचा कूलर-पंखा त्यावर किती तास चालेल, एएचचा आकडा सी१० चा आहे की सी२० चा (म्हणजे बॅटरी दहा तासांत रिकामी करून मोजलेला की वीस तासांत), आणि बॅटरी कोणत्या खोलीत ठेवायची, हे त्यावर सहीनिशी लिहावे, अशी सक्ती महावितरणने करावी. या योजनेत बॅटरीला अनुदान नाही. ज्या फीडरवर (वीजवाहिनीवर) वीज वारंवार आणि दीर्घकाळ जाते, निदान तेथील घरांसाठी राज्य शासनाने छोट्या बॅटरीचा काही भार उचलावा. कोराडी, खापरखेडा, पारस आणि चंद्रपूर येथील औष्णिक केंद्रांची धूळ आणि राख सोसणाऱ्या प्रदेशाने एवढे मागणे गैर नाही.

आणखी एक. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी परत घेऊन तिचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. प्रत्यक्षात खेड्यात ती भंगारवाला नेतो, ॲसिड नालीत ओततो आणि शिसे काढून घेतो. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी अधिकृत संकलन केंद्र कोठे आहे, याची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याचे आदेश जिल्हाधिकाऱ्यांनी द्यावेत, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ