बाटली इथंच राहिली

सोलापूर,
१४ मे

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

जैसलमेरला पोचल्याचा तुझा निरोप आईनं वाचून दाखवला. गाडी सुटताना मी काही बोललो नाही, त्याला राग समजू नकोस. चाळीस वर्षं यंत्रमागावर काढून कान गेलेत, स्टेशनच्या गोंगाटात मला माझंच बोलणं ऐकू येत नाही. (थोडा राग होताच म्हण.)

पाणी जवळ ठेव.

पक्ष्यांच्या फोटोंनी पोट भरतं का, असं मी म्हणून गेलो. तू म्हणालीस, "बाबा, नुसत्या पक्ष्याचे फोटो नाहीत ते. विजेच्या तारा, त्यांखाली शेळ्या राखणारा माणूस आणि माळढोक, सगळे एकाच चौकटीत हवेत." तेव्हा डोक्यात शिरलं नाही. काल अण्णा आला, मग शिरलं. नान्नजच्या माळढोक अभयारण्याची हद्द आधी ८,४९६ चौरस किलोमीटर होती, गावंच्या गावं आत. अण्णाची जमीन विकायला परवानगी मिळेना, सुमनचं लग्न दोन वर्षं लांबलं. पुढं हद्द १,२२२ वर आली, पण तोवर अण्णानं त्या पक्ष्याच्या नावानं शंख केला होता. तोच अण्णा काल हळूच विचारतो, "हल्ली दिसतो का रे कुठं?" आलीस की त्याचाही फोटो काढ.

तू आठ वर्षांची होतीस. गणपती नुकतेच गेलेले. लूनावरून नान्नजला गेलो. भुईमुगात एक बाई खुरपत होती आणि तिच्यापासून थोड्या अंतरावर माळढोक मान ताठ करून चाललेला, पाटलाच्या ऐटीत. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. मी बघत राहिलो, आणि तू चक्कर येऊन पडलीस. पाणी मी घेतलंच नव्हतं. त्या बाईनं घागर उपडी केली तुझ्या डोक्यावर. घरी आल्यावर तू मामाचा कॅमेरा मागितलास. म्हणून सांगतो, पाण्याचं बघ.

माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही, अंग जड, तार आली तर वळता येत नाही, हे तूच सांगितलंस. कॅमेरा डोळ्याला लावला की तुझं तेच होतं. मादी एकच अंडं घालते, तेही उघड्यावर, तेव्हा जवळ जाऊ नकोस... हे मी तुला शिकवतोय! राहू दे. मागावरच्या माणसाची पोर एवढ्या लांब कामाला गेली, हे मी चहाच्या टपरीवर चौघांना सांगितलंय. आईला सांगू नकोस.

आज पाचव्या दिवशी नळ आला, ती भरतेय. शेंगाचटणी बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात आहे, कडक भाकरी खाली. तुझी स्टीलची बाटली मात्र इथं दिवाणावरच राहिली. तिथं दुसरी घे. मोठी घे.

तुझा,
बाबा