घरातील नळयोजनेची तपासणी हा शेजाऱ्याचाही प्रश्न आहे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पिण्याच्या पाण्याच्या शुद्धतेची चर्चा बहुतेक वेळा जलस्रोत, शुद्धीकरण केंद्र आणि रस्त्याखालच्या जुन्या वाहिन्या यांच्याभोवती फिरते. पाणी घराच्या मीटरपर्यंत पोहोचले की यंत्रणेचे काम संपले आणि त्यापुढची नळयोजना हा ज्याचा त्याचा खासगी मामला, असे आपण गृहीत धरतो. या समजुतीत एक मोठी त्रुटी आहे. नळातले पाणी एकाच दिशेने वाहते ते दाबामुळे. वाहिनीला स्वतःची दिशा नसते. दाब फिरला की पाणीही फिरते, आणि मग एखाद्या घरातल्या बादलीतले, टाकीतले किंवा औषध कालवलेल्या पिंपातले पाणी त्याच घराच्या नळांत, तिथून मीटरबाहेर आणि पुढे शेजारच्या स्वयंपाकघरातही जाऊ शकते. त्यामुळे घरातील नळजोडण्यांची नियमित तपासणी ही सार्वजनिक आरोग्याची बाब मानली जावी, असे मला आग्रहाने सांगायचे आहे.

उलट्या प्रवाहाची कारणे दोन. पहिले म्हणजे मुख्य वाहिनीतला दाब अचानक कोसळणे. वाहिनी फुटते, आग विझवण्यासाठी एकाच वेळी भरपूर पाणी उपसले जाते, दुरुस्तीसाठी व्हॉल्व्ह बंद करून वाहिनी रिकामी केली जाते, किंवा ठरावीक वेळेपुरता असलेला पुरवठा थांबतो. अशा वेळी वरच्या मजल्यांवरच्या नळ्यांतले पाणी खाली उतरू लागते आणि त्याच्या मागे निर्वात पोकळी तयार होते. वातावरणाचा दाब सुमारे 10 मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलू शकतो, हे लक्षात घेतले तर त्या ओढीत किती बळ असते याची कल्पना येईल. वाहिनीचे जे तोंड पाण्यात बुडलेले असेल, त्यातून ती ओढ पाणी खेचते. दुसरे कारण याच्या उलट आहे. घरातला पंप, गरम पाण्याची बंद टाकी किंवा उंचावरची साठवण टाकी यांमुळे आतला दाब बाहेरच्या दाबाहून वाढतो आणि पाणी बाहेर ढकलले जाते. पहिल्या प्रकारात खेचणे आहे, दुसऱ्यात ढकलणे. प्रत्येकाचे उपाय वेगळे असतात, आणि ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

हा धोका पुस्तकी नाही. 1933 मध्ये शिकागोतील दोन हॉटेलांत सदोष नळजोडण्यांमुळे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले आणि अमीबाजन्य आमांशाच्या साथीत 98 जण दगावले. 1969 मध्ये अमेरिकेतील होली क्रॉस महाविद्यालयाच्या फुटबॉल संघातील बहुतेक खेळाडूंना काविळीचा संसर्ग झाला. जवळच लागलेली आग विझवताना वाहिनीतला दाब पडला आणि मैदानाला पाणी देण्याच्या खड्ड्यांत साचलेले दूषित पाणी पिण्याच्या नळात ओढले गेले होते. 2007 मध्ये फिनलंडमधील नोकिया शहरात सांडपाणी प्रक्रिया केंद्रातली एक जोडणी उघडी राहिली, प्रक्रिया केलेले सांडपाणी थेट नगराच्या पिण्याच्या वाहिन्यांत शिरले आणि आठ हजारांहून अधिक लोक आजारी पडले. या तिन्ही ठिकाणी मूळ जलस्रोत दूषित नव्हता. दोष जोडणीत होता, आणि तो दाब फिरेपर्यंत कुणाला दिसला नाही.

घरात तपासणी कुठून सुरू करावी, असे विचारले तर मी रबरी नळीपासून म्हणेन. ती इतकी साधी वस्तू आहे की तिच्याकडे संशयाने पाहावे असे कुणाच्या मनात येत नाही, आणि म्हणूनच ती सर्वांत धोकादायक आहे. नळाला लावलेली नळी साबणाच्या बादलीत सोडून माणूस दुसऱ्या कामाला लागतो. झाडांवर फवारायचे कीटकनाशक पिंपात कालवताना नळीचे टोक त्यातच बुडलेले असते. माशांच्या टाकीतले पाणी बदलताना, गाडी धुताना, गटाराचे तोंड साफ करताना तेच होते. नळ चालू असताना दाब गेला तर नळीतून पाणी बाहेर यायचे थांबते आणि आत जाऊ लागते. यावरचा उपाय अगदी स्वस्त आहे. नळीचे टोक कधीही पाण्यात बुडू न देणे हा पहिला, आणि ज्या नळाला नळी लागते त्यावर व्हॅक्यूम ब्रेकर नावाचे छोटे साधन बसवणे हा दुसरा. ओढ निर्माण झाली की हे साधन बाहेरची हवा आत घेते आणि ओढ मोडते. मात्र ते फक्त खेचण्याविरुद्ध काम देते. पंपाच्या दाबाने ढकललेले पाणी रोखणे त्याच्या आवाक्यात नाही.

शौचालयातला जेट स्प्रे हा याच जातीचा, पण अधिक किळसवाणा प्रकार आहे. लांब नळीचा स्प्रे भांड्यातल्या पाण्यापर्यंत लोंबकळत असेल आणि भिंतीवरचा नळ कायम उघडा ठेवला असेल, तर पिण्याची वाहिनी आणि मैला यांच्यामध्ये फक्त स्प्रेची एक छोटी झडप उरते. स्प्रे अडकवायचा आकडा उंचावर बसवावा, नळी आखूड असावी आणि वापर झाल्यावर भिंतीवरचा नळ बंद करावा. टबात पडून राहणाऱ्या हँड शॉवरलाही हेच लागू आहे. फ्लश टाकीत पाणी भरणाऱ्या व्हॉल्व्हचे तोंड टाकीतल्या पाण्याखाली नसावे. झाकण उचलून पाहायला मिनिटभरही लागत नाही.

साठवण टाक्यांचा विषय अधिक वेळ मागतो. टाकीत पाणी सोडणारी वाहिनी आणि टाकी भरून वाहू लागते ती पातळी यांत मोकळ्या हवेचे अंतर असणे, हे उलट्या प्रवाहाविरुद्धचे सर्वांत खात्रीचे संरक्षण आहे, कारण हवेच्या त्या फटीत बिघडण्यासारखे काहीच नसते. सर्वमान्य नियम असा की हे अंतर वाहिनीच्या व्यासाच्या किमान दुप्पट आणि कोणत्याही परिस्थितीत 25 मिलिमीटरपेक्षा कमी नसावे. मोजताना पुष्कळांची गल्लत होते: पाहणीच्या वेळी पाणी जिथे असेल तिथपर्यंत ते मोजले जाते, प्रत्यक्षात टाकी काठोकाठ भरल्यावर पाणी जिथवर चढेल त्या पातळीपासून मोजायला हवे. भूमिगत टाक्यांमध्ये ‘पाणी पडताना आवाज होतो’ म्हणून प्रवेशवाहिनी तळापर्यंत लांबवलेली आढळते. आवाज थांबतो हे खरे, पण त्या क्षणापासून सबंध टाकी वाहिनीला उलट्या दिशेने जोडली जाते. टाकीचे झाकण फुटके असेल, सांडव्याच्या नळीला जाळी नसेल किंवा ती नळी थेट गटारात बुडलेली असेल, तर काय आत जाईल याची कल्पना केलेलीच बरी.

याच्या जोडीला मुख्य वाहिनीला थेट पंप लावून पाणी ओढण्याची सवय. असा पंप आपल्या घरापुरते पाणी वाढवतो आणि आजूबाजूच्या वाहिनीतला दाब शून्याखाली नेतो. त्यामुळे शेजाऱ्याच्या बुडालेल्या नळीतले पाणी वाहिनीत येते, आणि वाहिनीला जिथे गळती आहे तिथून भोवतालच्या मातीतले, प्रसंगी फुटक्या गटारातले पाणीही आत शोषले जाते. हे नागरिक म्हणून बेजबाबदार वर्तन आहे, असे स्पष्टपणे म्हणायला संकोच वाटू नये. पंप लावायचाच असेल तर तो टाकीतून पाणी उचलणारा असावा.

विहीर, कूपनलिका, टँकर किंवा साठवलेले पावसाचे पाणी असा दुसरा स्रोत असलेल्या इमारतींमध्ये दोन्ही वाहिन्या एका व्हॉल्व्हने जोडलेल्या असतात, आणि ‘तो व्हॉल्व्ह बंदच असतो’ हे उत्तर हमखास मिळते. बंद व्हॉल्व्ह ही भिंत नव्हे. तो झिजतो, गळतो आणि कधीतरी कुणीतरी उघडतो. अशी छुपी जोडणी शोधण्याची एक सोपी चाचणी आहे. मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद करावा आणि थेट मुख्य वाहिनीवर असलेला सर्वांत खालचा नळ उघडून ठेवावा. नळ्यांत उरलेले पाणी निथळल्यावर धार थांबली पाहिजे. ती थांबत नसेल, तर एक तर व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही, नाहीतर कुठून तरी दुसरे पाणी त्या वाहिनीत येत आहे. दोन्ही गोष्टी दुरुस्त करण्याजोग्याच आहेत.

प्लंबरकडून अनेकदा ‘नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाकला आहे, चिंता नको’ असे ऐकायला मिळते. एकट्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेवर, इतका विश्वास ठेवण्याचे कारण नाही. वाळूचा कण किंवा क्षाराचा थर अडकला की त्याची झडप पूर्ण मिटत नाही, आणि बाहेरून ते कळतही नाही. जिथे धोका मोठा, म्हणजे प्रयोगशाळा, रुग्णालये, रसायने हाताळणारे कारखाने, तिथे दोन झडपा आणि त्यांच्यामध्ये दाब कमी होताच पाणी बाहेर सोडून देणारा निकास व्हॉल्व्ह असलेली साधने वापरतात आणि त्यांची प्रशिक्षित व्यक्तीकडून दरवर्षी चाचणी करून घेतात. घरासाठी एवढ्याची गरज क्वचितच पडते. मात्र मीटरपाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला, तर गरम पाण्याच्या टाकीत प्रसरण पावणाऱ्या पाण्याला मागे जायला वाट उरत नाही, म्हणून तिथला सुरक्षा व्हॉल्व्ह चालू स्थितीत आहे ना, हेही त्याच वेळी पाहावे लागते. एक उपाय करताना दुसरा धोका ओढवून घेऊ नये.

‘आमच्याकडे शुद्धीकरण यंत्र आहे’ हा युक्तिवादही तपासून घ्यावा. ते यंत्र एका नळावर असते. दात घासायचे, भांडी धुवायचे पाणी त्यातून येत नाही, आणि आपल्या घरातून शेजाऱ्याकडे गेलेले पाणी तर मुळीच नाही. त्यापेक्षा साध्या चाचणीसंचाने मीटरजवळच्या आणि आतल्या नळांच्या पाण्यातला उरलेला क्लोरीन अधूनमधून मोजून तुलना करावी. बाहेर क्लोरीन आहे आणि आत एकाएकी नाहीसा होतो, तर पाणी टाकीत फार काळ साचून राहते किंवा त्यात काहीतरी मिसळते आहे. नेमके काय, ते या चाचणीतून कळत नाही, पण शोध कुठे घ्यायचा ते कळते.

आता माझी मागणी. नवीन नळजोडणी देताना, अंतर्गत नळयोजनेत बदल झाल्यावर आणि त्यानंतर ठरावीक वर्षांनी पाणीपुरवठा यंत्रणेने प्रशिक्षित तपासनीसाकडून पाहणी करावी आणि तिची नोंद जोडणीच्या खात्यावर ठेवावी. पहिल्या पाहणीत दंड नसावा. दंडाच्या भीतीने लोक दार उघडणार नाहीत किंवा जोडणी तात्पुरती लपवतील, आणि पाहणीचा मूळ हेतूच निष्फळ होईल. दोष लेखी कळवावा, मुदत द्यावी, आणि मुदतीनंतर मात्र जोडणी थांबवण्याचा अधिकार खुशाल वापरावा. प्लंबरच्या परवान्यासाठी या विषयाची परीक्षा सक्तीची करावी, कारण वरील दोषांपैकी निम्मे तरी हौसेने नव्हे तर माहितीअभावी केले जातात, असा माझा अंदाज आहे.

तोपर्यंत प्रत्येकाने एवढे जरूर लक्षात ठेवावे: दाब गेल्यानंतर परत आलेल्या पाण्याला साबणाचा फेस, रंग, वेगळा वास किंवा थंड नळातून कोमटपणा जाणवला, तर नळ सोडून ‘पाणी साफ होईपर्यंत’ वाहू देऊ नये. आधी मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद करावा, पाण्याचा नमुना स्वच्छ बाटलीत भरून ठेवावा आणि पाणीपुरवठा विभागाबरोबरच त्याच वाहिनीवरच्या शेजाऱ्यांना ताबडतोब कळवावे. रासायनिक दूषिततेची शंका असेल तर ते पाणी उकळून पिणे हा उपाय नाही; बहुतेक रसायने उकळून जात नाहीत, उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण वाढते.

कळावे,
आपला विश्वासू,
एक नियमित वाचक