सेंटरचं वेळापत्रक लावणाऱ्या ताईंना पत्र

नमस्कार ताई,

तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाहीये. मागे सेंटरच्या कार्यक्रमात सगळे कोच, लाइफगार्ड, स्वयंसेवक स्टेजवर गेले, टाळ्या झाल्या, फोटो झाले आणि तुम्ही मात्र शेवटच्या रांगेत उभ्या राहून हॉल रिकामा करायला किती वेळ उरलाय ते घड्याळात बघत होतात, कारण नऊ वाजता तिथे व्हॉलीबॉलवाले येणार होते. तेव्हाच ठरवलं होतं की यांना एकदा नीट लिहायचं. तोंडावर बोललो असतो तर तुम्ही "अहो ते आमचं कामच आहे" म्हणून विषय संपवला असता, म्हणून हे पत्र.

कोचचे आभार सगळेच मानतात, मानायलाच पाहिजेत. पण शहराच्या रिक्रिएशन डिपार्टमेंटमध्ये कुठल्या तासाला कुठल्या हॉलमध्ये कोण असणार, पूलच्या किती लेन कोणाला, कुठल्या बॅचला किती जागा, हे ठरवणारं कोणीतरी असतं हे लोकांच्या डोक्यातच येत नाही. भिंतीवर एक मोठा रंगीत तक्ता लागलेला असतो आणि तो जणू आपोआप उगवलाय असं धरून आपण त्यात फक्त आपली वेळ शोधतो. मी पण तसाच बघायचो. तुमच्याशी गाठ पडली ती बाबांच्या गुडघ्यामुळे.

बाबांचा गुडघा बदलला, फिजिओथेरपी झाली, डॉक्टर म्हणाले आता पाण्यातले व्यायाम सुरू करा. त्याच सुमाराला लेकीला पोहायला शिकायचं होतं. बाबांची बॅच सकाळी, लेकीची संध्याकाळी, बायकोची शिफ्ट ड्युटी, मी नोकरीच्या शोधात, कधी कुठला इंटरव्ह्यू येईल त्याचा पत्ता नाही, दिवसातून दोनदा सेंटरच्या चकरा मारणं काही जमण्यासारखं नव्हतं. मी काउंटरवर येऊन फक्त एवढंच विचारलं की दोन्ही एकाच वेळी असं काही आहे का. बाकी कुठेही "नाही" म्हणून खिडकी बंद झाली असती. तुम्ही उलट मलाच विचारत बसलात, बाबा पायऱ्या उतरतात का, लेक तोंड पाण्यात घालते का की घाबरते, आणि आठवड्यात कुठले वार तुम्हाला बरे.

मग काही दिवसांनी तुमचा फोन आला की पुढच्या सत्रापासून मोठ्या पूलच्या उथळ बाजूला मुलांची बॅच आणि त्याच तासाला छोट्या पूलमध्ये ज्येष्ठांची बॅच, चालेल का? चालेल का म्हणजे काय! नंतर कळलं की आमच्यासारखी आजी-आजोबा आणि नातवंडं एकत्र आणणारी घरं अजूनही होती, तुम्ही जुने फॉर्म चाळून ती शोधली होतीत. आणि हेही नंतरच कळलं की एकाच तासाला दोन पूल चालवायचे म्हणजे नुसता तक्त्यातला चौकोन हलवून भागत नाही, दोन्हीकडे वेगवेगळे लाइफगार्ड लागतात, त्यांनाही सलग पाण्याकडे बघत बसवता येत नाही, थोड्या थोड्या वेळाने जागा बदलावी लागते नाहीतर नजर थकते. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा हात हलवून ओरडत नाही, बहुतेक वेळा आवाजही होत नाही, त्यामुळे त्या खुर्चीवरची नजर ताजी असणं हेच सगळ्यात महत्त्वाचं. एक लाइफगार्ड आजारी पडला की बॅच रद्द का होते हे ज्यांना समजत नाही (आणि काउंटरवर आवाज चढवणारे कमी नाहीत, बघितलेत मी) त्यांनी एकदा तुमच्या ड्युटी लिस्टवर नजर टाकावी.

बाबांना त्या छोट्या पूलने खरंच हात दिला. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं की पायांवर अंगाचं साधारण निम्मंच वजन येतं, छातीपर्यंत गेलं की अजून कमी, त्यामुळे जमिनीवर जे पाऊल टाकताना ते चेहरा वाकडा करायचे ते पाण्यात सहज टाकायला लागले. ज्येष्ठांची बॅच आठवड्यातून तीन दिवसच का असं मी विचारलं होतं तेव्हा तुम्ही सांगितलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये ६५ च्या पुढच्यांसाठी तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून निदान ३ दिवस असं म्हटलंय, पडणं टाळण्यासाठी, म्हणून तुम्ही दोनचे तीन करून घेतलेत. मला वाटलं होतं पूल रिकामा असेल म्हणून दिले असतील तीन दिवस.

आता पाण्याच्या तापमानाचं भांडण. ते आठवलं की अजून हसू येतं. लेन मारणाऱ्या पट्टीच्या पोहणाऱ्यांना पाणी २६-२७ डिग्री हवं, त्याच्यावर गेलं की त्यांना घाम फुटतो म्हणे, आणि गुडघेदुखीवाल्या मंडळींना ३२-३३ सुद्धा गार वाटतं. सूचनांच्या वहीत एका पानावर "पाणी फार गरम" आणि समोरच्याच पानावर "पाणी फार थंड", तारीख एकच! कोणीतरी सुचवलं की सकाळी थंड ठेवा, दुपारी गरम करा. तुम्ही शांतपणे पाटीवर हिशोब मांडलात: २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल पूल म्हणजे ४ लाख ६८ हजार लिटरच्या वर पाणी, ते एक डिग्री तापवायला साधारण साडेपाचशे युनिट वीज, तेही जराही उष्णता वाया गेली नाही असं धरून. त्यानंतर तो विषय कोणी काढला नाही. मोठा पूल पोहणाऱ्यांचा, छोटा कोमट. मुलांची बॅच मात्र मोठ्याच पूलमध्ये, म्हणून त्यांचा तास तुम्ही अर्ध्यावर आणलात आणि मध्ये हालचालीचे खेळ घातलेत, थांबली की पोरं कुडकुडतात म्हणून. हे पण तुम्हीच कोचला सुचवलं होतं असं कोचच म्हणाले.

फीबद्दल लिहू की नको असा विचार करत होतो, पण लिहितोच. तेव्हा हातात पगार नव्हता. दोन बॅचची फी जड जात होती आणि मी लेकीचं पुढच्या सत्रावर ढकलायचं ठरवलं होतं. तुम्ही काही विचारलं नाहीत, फक्त फॉर्मच्या गठ्ठ्यात सवलतीचा फॉर्म घालून दिलात आणि म्हणालात, हाही बघा, बरेच जण भरतात. त्या फॉर्मवर वरच छापलंय की खेळ आणि विश्रांती हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे, बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय कराराचं ३१ वं कलम. वाचून बरं वाटलं, पण त्याहून बरं वाटलं ते कार्ड हातात आल्यावर. सवलतीचं कार्ड आणि पूर्ण फीचं कार्ड अगदी सारखं, रंग तोच, नंबर तसाच, गेटवरच्या माणसाला पण कळत नाही कोण किती भरून आलंय. कधीतरी कोणीतरी मीटिंगमध्ये बसून हे भांडून ठरवून घेतलं असणार, मला पक्की शंका आहे की ते कोणीतरी तुम्हीच.

आणि ते पिकलबॉलचं (छोट्या बॅटने आणि भोकं असलेल्या प्लॅस्टिकच्या बॉलने खेळतात तो खेळ) प्रकरण! बॅडमिंटनवाले वर्षानुवर्षं हॉलमध्ये खेळणारे, त्यांना वाटलं हे नवीन लोक येऊन आपलं कोर्ट गिळणार, पिकलबॉलवाल्यांना वाटलं जुने लोक दादागिरी करतायत, दोन्हीकडून सह्यांचे अर्ज. (नवीन कसलं, अमेरिकेत १९६५ पासून खेळतात तो खेळ, पण असो.) तुम्ही टेप घेऊन दोन्ही बाजूंच्या म्होरक्यांना हॉलमध्ये उभं केलंत. पिकलबॉलचं कोर्ट ४४ बाय २० फूट आणि बॅडमिंटनचं डबल्सचं कोर्टही ४४ बाय २० फूटच, बाहेरच्या रेषा जशाच्या तशा चालतात, फरक फक्त आतल्या रेषांचा आणि नेटचा, बॅडमिंटनचं नेट मध्यभागी ५ फूट तर पिकलबॉलचं ३४ इंच. म्हणजे जागेचं भांडण नव्हतंच, भांडण होतं वेळेचं, आणि वेळ तर तुमच्या हातातली. संध्याकाळी बॅडमिंटन, दुपारी पिकलबॉल, आणि शनिवारी एक आड एक. आता त्यातलेच काही लोक दोन्ही खेळतात. जमिनीवर बास्केटबॉलच्या, व्हॉलीबॉलच्या, बॅडमिंटनच्या इतक्या रंगांच्या रेषा आहेत की नवीन माणसाला गरगरतं, पण तुमच्या त्या तक्त्यात प्रत्येक खेळाला त्याच्या रेषेचाच रंग दिलाय हे मला फार उशिरा दिसलं.

पूल अख्खा दिवस बंद ठेवलात त्या दिवसाबद्दलही आभार, जरी त्या दिवशी आभार मानणारं कोणी नव्हतं. एका लहानग्याचं पोट बिघडलेलं आणि पाण्यातच झालं. लोक म्हणाले जरा क्लोरिन वाढवा आणि तासाभरात चालू करा, सुट्टीचा दिवस होता, बाहेर रांग. तुम्ही गेटवर बोर्ड लावलात, त्यात लपवालपवी नाही, "तांत्रिक कारणास्तव" वगैरे नाही, सरळ लिहिलं होतं काय झालंय ते आणि क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू असू शकतो, तो नेहमीच्या प्रमाणातल्या क्लोरिनमध्ये आठवड्याच्या वर जिवंत राहू शकतो म्हणून जास्त मात्रा देऊन बरेच तास थांबावं लागणार. मुलाचं नाव नाही, बॅच नाही, काही नाही. खाली अजून एक ओळ होती की पूलला येणारा तो उग्र वास नुसत्या क्लोरिनचा नसतो, घाम आणि लघवीबरोबर क्लोरिन मिसळून जे क्लोरामाइन बनतं त्याचा असतो, तेव्हा उतरण्याआधी शॉवर घ्या. त्या दिवसानंतर शॉवरपाशी लाइन लागायला लागली. लेक तर आता घरात सगळ्यांना लेक्चर देते.

ऑनलाइन नोंदणीचं पण सांगायला हवं. लिंक उघडली की लोकप्रिय बॅच बघता बघता भरतात, ज्यांचं नेट फास्ट आणि बोटं फास्ट त्यांचं काम होतं आणि बाबांच्या वयाची माणसं पासवर्ड आठवत बसतात. प्रत्येक बॅचमधल्या काही जागा काउंटरवर येणाऱ्यांसाठी राखून ठेवायच्या हा नियम आल्यापासून ज्येष्ठांच्या बॅचमध्ये खरोखरचे ज्येष्ठ दिसायला लागलेत. यावर काही तरुण मंडळी नाराज आहेत, मला माहितीये. असू देत.

रविवारी सकाळचा तो शांत तासही राहिला सांगायचा, म्युझिक बंद, शिट्टी नाही, अर्धे दिवे, ज्या मुलांना गोंगाट सहन होत नाही त्यांच्यासाठी. आमच्या ओळखीतला एक मुलगा तिथे पहिल्यांदा पाण्यात उतरला. त्याच्या आईने तुम्हाला सांगितलं असेलच, तिच्या वाटचं मी इथे लिहीत नाही.

आता तक्रार म्हणा किंवा मागणी. रात्री मोठ्या मुलांसाठी हॉल खुला ठेवता तो तास फार लवकर संपतो, पोरं मग बाहेर पार्किंगमध्ये बॉल आपटत बसतात, अजून थोडा वाढवता आला तर बघा. आणि छोट्या पूलच्या रॅम्पचा कठडा एका बाजूलाच आहे, ज्यांचा डावा हात अधू आहे त्यांना उतरताना चालतो पण वर येताना पंचाईत होते. बाबांनी हे मला तीनदा लिहायला सांगितलंय. ते आता काठीशिवाय सेंटरपर्यंत येतात आणि बॅच संपल्यावर लेकीच्या कोचला पोहण्यातल्या चुका दाखवतात, स्वतःला पोहता येत नसताना, त्याबद्दल कोचची मी वेगळी माफी मागतो.

तुमचे मनापासून आभार, ताई. पुढच्या सत्राचा तक्ता लावायला घेतला असेल तर त्रास देत नाही.

आपला,
सोमवार-बुधवार-शुक्रवारच्या बॅचमधल्या आजोबांचा मुलगा

ता. क. मोठ्यांच्या बिगिनर स्विमिंगच्या वेटिंग लिस्टमध्ये माझं नाव आहे. नवीन नोकरी लागली, त्यामुळे आता सकाळची सगळ्यात पहिली बॅचच जमेल, जागा झाली तर कळवा.