आधी मॉड्यूल घेऊन ये म्हणणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण पत्र मात्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण कमी पैशांत इलेक्ट्रॉनिक ड्रम किटला झांज वाढवायची कशी, हे विचारणारे माझ्या ओळखीतच बरेच आहेत. त्यांना जो तो "हा पॅड घे, तो घे" सांगतो, पॅड म्हणजे काठीनं वाजवायची रबरी झांज. तुम्ही म्हणालात, "आधी मॉड्यूल घेऊन ये, पॅडचं नंतर बघू." मॉड्यूल म्हणजे पॅडवरचा ठोका ओळखून आवाज काढणारी किटची पेटी. बाकी सगळं त्या वाक्यातून निघालं.

माझं किट अलेसिस नायट्रो. त्याच्या मॉड्यूलला टॉम ४ आणि क्रॅश २, म्हणजे जादा ढोल आणि जादा झांज लावायला, असे दोन मोकळे जॅक आहेत. मला दुसरा क्रॅश, म्हणजे एकदम मोठ्यानं वाजणारी झांज, हवा होता, पण डोक्यात भरली होती तीन झोनची मोठी राइड, म्हणजे सतत ताल धरायची झांज: मधला घुमट, अंग आणि कड, तिन्हींचे आवाज वेगळे. तुम्ही मॉड्यूल हातात घेऊन जॅक दाखवलेत आणि म्हणालात, "याला घुमट वेगळा ऐकूच येत नाही. तिसऱ्या झोनचे पैसे कशाला मोजतेस?" दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला काय घेऊ नकोस हे सांगणारा माणूस विरळाच.

मग रोलँड आणि यामाहाचा फरक तुम्ही ज्या सबुरीनं सांगितलात, तो मला आजही तोंडपाठ आहे. रोलँडच्या सीवाय-१५आर सारख्या राइडला तिन्ही झोनसाठी दोन केबल लागतात, म्हणजे मॉड्यूललाही दोन जागा हव्यात. यामाहाच्या पीसीवाय १३५ चे तिन्ही झोन एकाच स्टिरिओ केबलवर येतात, कारण आतल्या दोन स्विचमधला फरक मॉड्यूल रेझिस्टन्सवरून ओळखतं. त्यामुळे एका कंपनीची झांज दुसऱ्या कंपनीच्या मॉड्यूलला लावली, तर अंगाचा आवाज बहुतेक वेळा येतो, पण घुमटाची खात्री नाही. लेमनसारख्या स्वस्त चिनी पॅडचंही हेच. पॅड चांगला असू शकतो, पण तो आपल्या मॉड्यूलशी जुळतो का, हा प्रश्न राहतोच.

तुम्ही स्वतः ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवलेला. रोलँडनं पहिला ऑक्टोपॅड काढला १९८५ मध्ये, आणि आपल्याकडच्या स्टेजवर तो असा रुजला की आठ रबरी चौकोनांवर अख्खी वरात पार पडते. म्हणून तुम्ही विचारलंत, "क्रॅश चौकोनावरही वाजतो, मग तुला गोल पॅड कशाला?" प्रश्न अगदी रास्त होता. मी म्हटलं, चोक हवा. वाजवून लगेच कड चिमटीत धरली की आवाज तिथेच तुटला पाहिजे. शिवाय काठी लागली की झांज झुलायला हवी. तुम्ही मान डोलावलीत आणि तिथेच निवड ठरली: दोन झोनचा पॅड, १२ इंची, चोकसह. बाकीचे पैसे स्टँड आणि केबलसाठी.

जुना पॅड तपासायची तुमची रीत तर प्रत्येकानं शिकावी अशी. स्टिरिओ केबलचं एक टोक पॅडमध्ये, दुसऱ्या टोकाच्या मधल्या कड्यावर आणि खालच्या भागावर मल्टिमीटरच्या दोन तारा, मल्टिमीटर बीपवर. मग कडेला अंगठा आणि तर्जनीनं दाबत दाबत, बोटभर अंतर सोडत पुढे सरकायचं. जिथे बीप येत नाही तिथे रबराखालचा स्विच मेलेला. त्यातही तुम्ही बजावलंत की पुष्कळ पॅडमध्ये स्विच वाजवणाऱ्याकडच्या अर्ध्या भागातच असतो, मागच्या बाजूला बीप आला नाही म्हणून पॅड खराब ठरवायचा नाही. आणि म्हणूनच झांज गोल फिरू न देणारा तो लहानसा स्टॉपर हवाच. पॅड फिरला की कड भलतीकडेच जाते.

अंगाचा आवाज येत नसेल तर बहुतेक वेळा पिएझोची तार सुटलेली असते. पिएझो म्हणजे पितळी चकतीवरची सिरॅमिकची पातळ टिकली, ती ठोका ओळखते. पुण्यातल्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, ती काही रुपयांत मिळते. माझ्या पॅडचीही तार सुटली होती. तुम्ही सोल्डरिंगची लोखंडी कांडी टेकवून क्षणात उचललीत, जास्त वेळ धरली तर टिकली जळते म्हणालात, आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

केबलचंही सांगायला हवं. आपल्याकडे कुठेही सहज मिळते ती पी-३८ची मोनो, म्हणजे दोनच भागांची, पिन. ती झांजेच्या जॅकमध्ये घातली की मधलं कडं खालच्या भागाला, म्हणजे ग्राउंडला, जोडलं जातं, आणि मॉड्यूलला वाटू शकतं की कड सतत दाबलेली आहे. आवाज निघतो न निघतो तोच तुटतो. पॅड बिघडलाय असं समजून तो परत करणारे असतील, दोष असतो पिनेचा. तीन भागांची स्टिरिओ पिनच घ्यायची, हे तुम्ही कागदावर लिहून दिलंत.

घरी आल्यावर किक, म्हणजे पायानं वाजवायचा ढोल, मारली की नवा क्रॅश आपोआप वाजायचा. तुमच्या सांगण्यानुसार मॉड्यूलमध्ये आधी थ्रेशोल्ड (किती जोराच्या ठोक्यापासून आवाज काढायचा ती मर्यादा) थोडा वाढवला, मग क्रॉसटॉक (एका पॅडच्या धक्क्यानं दुसरा वाजू नये यासाठीची सेटिंग), आणि शेवटी पॅड किटच्या रॅकच्या, म्हणजे सांगाड्याच्या, नळीवरून काढून वेगळ्या स्टँडवर लावला. स्टँडवर गेल्यावर सगळं थांबलं. या वर्षी कॉलेजच्या स्नेहसंमेलनात आम्ही ज्या गाण्यावर शेवट केला, त्यातला तो तुटक क्रॅश याच पॅडचा. लोकांना तो वेगळा कळला नसेल, मला मात्र चोक अचूक लागल्याचा आनंद आठवडाभर पुरला.

काका, मनापासून आभार. एक काम मात्र आहे. माझ्या मैत्रिणीचं यामाहाचं मॉड्यूल आहे आणि तिला राइड घ्यायची आहे. शनिवारी चारनंतर तिला तुमच्याकडे पाठवते. मॉड्यूल, त्याचं मॅन्युअल आणि स्टिरिओ केबल बरोबर आणायला सांगितलंय.

आपली,
कॉलेजच्या बँडमधली ड्रमर