खपलीवर औषध ओतून काय होणार?

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

फोटोत पिंट्याच्या हनुवटीवर मधाच्या रंगाची खपली दिसते. इंपेटिगो, म्हणजे जंतूंमुळे होणारा कातडीचा संसर्गजन्य आजार, असाच दिसतो, पण फोटोवरून खात्री नाही. डॉक्टरांना एकदा दाखव. तोवर जंतुनाशक नुसतं वरून ओतत राहू नकोस. ते ज्याला टेकतं त्यालाच मारतं. जंतू खपलीखाली आणि औषध खपलीवर, असं चाललंय. शिवाय पू-रक्तात आयोडीनसारखं जंतुनाशक वाया जातं.

साबणाने हात धू. स्वच्छ फडकं कोमट पाण्यात भिजवून खपलीवर पाचेक मिनिटं ठेव. मऊ झालेली तेवढी अलगद पुसून घे, चिकटलेली ओरबाडू नकोस. मग टिपून कोरडं कर आणि औषध लाव.

डॉक्टर कदाचित १ टक्का हायड्रोजन पेरॉक्साइडची क्रीम सांगतील: दिवसातून दोन-तीनदा, ५ दिवस. इंपेटिगो थोड्याच जागी असेल तर उपचारांचे नियम सुचवणारी ब्रिटनची नाइस संस्था २०२० पासून प्रतिजैविक मलमाआधी हीच सुचवते, कारण फ्युसिडिक ॲसिड, मुपिरोसिन या प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू वाढतात. बाटलीतलं ३ टक्क्यांचं फेसाळणारं पाणी मात्र निराळं. फेस बघून बरं वाटतं खरं, पण जखम भरून आणणाऱ्या पेशीही त्याने मरतात.

पोव्हिडोन आयोडीन लावलंस तर लगेच पुसू नकोस, वाळू दे. धाकटी अजून महिन्याची आहे, तिला ते विचारल्याशिवाय लावायचंच नाही. कातडीतून आयोडीन आत जाऊन थायरॉइड बिघडतं. क्लोरहेक्सिडिन हे दुसरं जंतुनाशक डोळ्यांत गेलं तर बुबुळाला इजा होते, म्हणून चेहऱ्यावर नको. आणि इतरत्र लावताना आधीचा साबण नीट धुतला गेला नाही, तर त्याचा जोर उतरतो. पाणी घालून पातळ केलेलं जंतुनाशक साठवू नकोस. त्यातही स्यूडोमोनास नावाचा जंतू वाढतो, हे कुणाला खरं वाटत नाही!

भोवतीची कातडी लाल, गरम, दुखरी झाली तर जंतू खोल गेलेत. तिथे वरचं औषध पोचत नाही. लालीच्या कडेने पेनाने रेघ काढ. लाली रेघेबाहेर गेली किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. गळू झालं तरी दाबू नकोस, पू डॉक्टरच काढतील.

त्याचा टॉवेल वेगळा ठेव, नखं काप. फोड वाळेपर्यंत शाळा नको, आणि धाकटीची पापी तर अजिबात नको.

तुझी,
आई