खानापूरच्या डॉक्टरबाईंना अनावृत आभारपत्र

आदरणीय डॉक्टरबाई,

सादर नमस्कार. ग्रामीण सेवेची मुदत संपवून आपण खानापूर सोडल्याचे दवाखान्यात चौकशीला गेल्यावर समजले आणि नवा पत्ता कोणाकडेच मिळाला नाही, म्हणून हे पत्र अनावृत लिहीत आहे. आपले नाव मुद्दाम घातलेले नाही. ते प्रसिद्ध व्हावे की नाही, हे आपणच ठरवावे.

दिवाळीच्या किल्ल्यावर झेंडा लावताना माझा पुतण्या ओल्या मातीवरून घसरला आणि बुरुजात रोवलेली कळकाची कामटी त्याच्या डाव्या डोळ्याच्या वरच्या पापणीत घुसली. त्याने ती स्वतःच ओढून काढली. आपल्याकडे येण्यापूर्वी एका ठिकाणी जखम पुसून, डोळा शाबूत आहे, काळजीचे कारण नाही, असे सांगून आम्हाला परत पाठवण्यात आले होते. पुढे त्याला उलटी झाली, एवढ्याचसाठी आम्ही आपल्याकडे आलो. मुलगा शुद्धीवर होता, बोलत होता, त्याला दिसतही होते, आणि पापणीवरची जखम जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची होती.

आपण त्याला वर बघायला सांगितलेत, तेव्हा डावा डोळा उजव्याइतका वर जाईना. नाकातून पाणी येते का, तेही पाहिलेत. मग आपण विचारलेत, "ती कामटी कुठे आहे?" त्या घटकेला हा प्रश्न आम्हाला विचित्रच वाटला, पण माझा भाऊ मोटारसायकलवरून जाऊन ती घेऊन आला. आपण ती पांढऱ्या गॉजवर ठेवलीत आणि मुलालाच विचारलेत, टोक कसे केले होतेस? विळ्याने तासले होते, तो म्हणाला. समोरच्या कामटीला तासलेले टोक नव्हते, नुसते उकललेले धागे होते. टोक आतच मोडले होते, हे तिथे उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना त्याच क्षणी कळले.

त्यानंतर आपण आमच्या आईला जे समजावून सांगितलेत, ते मी इथे लिहितो, कारण आमच्या भागात कळक, तुराट्या आणि उसाची खोडकी घरोघरी आहेत. डोळ्याची खोबण मागे निमुळती होत जाणाऱ्या नरसाळ्यासारखी असते. त्यामुळे आत शिरलेली वस्तू बुबुळाला बाजूला सारून थेट मागे किंवा वर जाऊ शकते, आणि डोळा शाबूत राहतो तो याचमुळे. खोबणीच्या छताचे हाड फार पातळ असते, मुलांमध्ये तर अधिकच, आणि त्याच्या लगेच वर मेंदूचा पुढचा भाग असतो. मागच्या फटीतून वस्तू गेली तर ती मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमनीजवळ पोहोचते. म्हणून रुतलेली वस्तू दिसत असली तरी ती ओढायची नाही. तिने एखादी रक्तवाहिनी दाबून धरलेली असेल, तर ओढताक्षणी रक्तस्राव सुरू होऊ शकतो. ती हलणार नाही अशी बांधून, डोळ्यावर दाब न देता रुग्णाला पुढे न्यायचे. आमच्या मुलाने ती आधीच ओढली होती, त्याला आता इलाज नव्हता.

आपण धनुर्वाताचे इंजेक्शन आणि प्रतिजैविकाचा पहिला डोस तिथेच दिलात, तोंडाने काहीही देऊ नका म्हणून बजावलेत आणि बेळगावला फोन लावून एक चिठ्ठी दिलीत. लाकूड एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही आणि कोरडे लाकूड सीटी स्कॅनमध्ये हवेसारखे काळे दिसते, तेव्हा काळी रेघ दिसल्यास ती रुंद विंडोमध्ये, म्हणजे चित्रातल्या काळ्या-करड्या छटांचा आवाका वाढवून, पुन्हा पाहावी, असे त्या चिठ्ठीत होते. बेळगावला घडलेही नेमके तसेच. खोबणीच्या छतातून वर गेलेली काळी रेघ प्रथम हवा समजली गेली. चिठ्ठी वाचल्यावर रेडिओलॉजिस्टनी चित्र पुन्हा उघडले, तेव्हा तिच्या कडा सरळ आणि समांतर निघाल्या. हवा अशी रेखीव कडा धरून बसत नाही. वस्तू धातूची नाही याची खात्री झाल्यावर एमआरआय झाला आणि रक्तवाहिन्यांसाठी सीटी अँजिओग्राफीही झाली. धमनी सुरक्षित होती.

शस्त्रक्रियेत न्यूरोसर्जननी भुवईच्या वरचे हाड उघडून, डोळ्यांदेखत, आल्या वाटेनेच तो तुकडा काढला, मेंदूवरचे फाटलेले आवरण कवटीवरच्या पातळ पडद्याचे ठिगळ लावून शिवले आणि तुकडा जंतूंच्या तपासणीला पाठवला. लाकूड सच्छिद्र असते, त्यात जंतू दडून राहतात आणि राहिलेल्या कुसळामुळे आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही मेंदूत गळू होऊ शकतो, असे त्यांनी सांगितले. त्यासाठी व्हँकोमायसिन, सेफट्रियाक्सोन आणि मेट्रोनिडाझोल ही प्रतिजैविके शिरेतून बरेच आठवडे चालली. झटके येऊ नयेत म्हणून सुरुवातीला वेगळे औषध होते. धमनीच्या भिंतीला झालेली इजा कधी कधी फुगा होऊन उशिरा दिसते, म्हणून अँजिओग्राफी काही दिवसांनी पुन्हा केली. या दुसऱ्या तपासणीला घरातल्या काहींचा खर्चामुळे विरोध होता. आपण चिठ्ठीच्या शेवटी तीच सूचना लिहिलेली होती, ती दाखवल्यावर वाद मिटला.

आता मुलाची प्रकृती कळवतो, कारण पुढे काय झाले ते कळवा, असे आपण निघताना म्हणाला होतात. मेंदूज्वर झाला नाही, गळू झाला नाही, दृष्टी पूर्ण आहे. पापणी अजून किंचित खाली असते आणि अगदी वर पाहताना एकाचे दोन दिसतात. ते आपोआप सुधारण्याची शक्यता असल्याने डोळ्यांचे डॉक्टर काही महिने थांबायला सांगतात. स्कॅनच्या तपासण्या चालू आहेत. तो पुन्हा शाळेत जाऊ लागला आहे.

आपली चिठ्ठी बेळगावच्या फाइलमध्ये लावलेली आहे. तिची प्रत, स्कॅनची सीडी आणि डिस्चार्ज कार्ड आम्ही एका पाकिटात काढून ठेवले आहे. आपल्याला शिकवण्यासाठी किंवा लिहिण्यासाठी त्यांचा उपयोग होणार असेल, तर मुलाच्या आईवडिलांची संमती आहे. नाव तेवढे झाकावे. खानापूरच्या दवाखान्यात निरोप ठेवलात तरी पाकीट पोहोचते करू.

आपला ऋणी,
मुलाचा चुलता
खानापूर तालुका, जिल्हा बेळगाव